शुक्रवारची छोटी खुर्ची

८ सप्टेंबर

जावईबापू,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. तुम्ही माझा फोन उचलत नाही, तेव्हा आता कागद. पत्ता तुमच्या पुलाच्या कंपनीच्या ऑफिसातून काढला. तिथला माणूस सारखा विचारत होता, आपण कोण, आपण कोण. मी म्हटलं, तुमच्या वेल्डरची सासू, पत्ता देतोस की येऊ तिथे? लगेच दिला.

कामाचं आधी लिहिते. तुमचे राहिलेले कपडे मी देऊन टाकले. शर्ट, पँट, ते कोपरावर फाटलेलं जाकीट, सगळं. आमच्या लाँड्रीचा नियम तुम्हाला माहीत आहे. तीन महिने कुणी कपडे न्यायला आलं नाही की मालक म्हणतो, बांधा गठ्ठा, द्या कुणा गरजूला. आजवर किती गठ्ठे बांधले असतील मी, मोजदाद नाही. घरी काय वेगळं करायचं? तुमचे तीन महिने भरले त्याच दिवशी दिले, त्याला आता महिना झाला. उद्या येऊन माझा शर्ट कुठे म्हणून विचारू नका.

माझ्या मुलीचे कपडे मी आठवड्याच्या आत काढले होते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं काही मी तिलाच उचलून बाहेर ठेवलं. मी बोलले नाही तेव्हा. नंतर बोलले. जे बोलले ते बोलले, त्यावर आता उगाळत बसायचं नाही. पण बोलून घेतल्यावर माणसाने उलटून बोलावं, भांडावं. पहाटे बॅग उचलून, पोरीला झोपेतून न उठवता निघून जाऊ नये.

भिंगरी बरी आहे. खाते, झोपते. आधी रोज दारात उभी राहून विचारायची, बाबा कधी येणार. मी सांगायचे, कामाला गेलेत, येतील. हल्ली विचारत नाही. महिना झाला, तुमचं नाव नाही तिच्या तोंडात. विसरली. लहान मुलं विसरतात आणि ते बरंच असतं. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. लिहितेच आहे थोडं.

शाळेत तिच्या बाईंनी एक नवीन खूळ काढलंय. दर शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाने यायचं, पोरांच्या त्या गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसायचं आणि पोराने आठवडाभरात काढलेल्या चित्रांबद्दल पोर जे बोलेल ते ऐकायचं. मी बाईंना म्हटलं, दिवसभर इस्त्रीपाशी उभी असते, बसले की उठता येत नाही मला. त्या म्हणाल्या, मग उठू नका, बसूनच ऐका. तोंडाला लागण्यात अर्थ नाही त्यांच्या, बाई माझ्यासारख्याच आहेत.

बसले. चित्रात काय तर चार वाकड्या रेघा, वरून खाली आणि टोकाला वळवलेल्या. मी म्हटलं, ही छत्री का? भिंगरी म्हणाली, हो. मी म्हटलं, आणि ही बदकं? हो म्हणाली. छान आहेत, म्हटलं, आणि उठले. मालकाने फक्त अर्धा तास सोडलं होतं.

एवढंच. तुमची तब्येत सांभाळा असं लिहायची पद्धत आहे.

भिंगरीची आजी


२२ सप्टेंबर

जावईबापू,

तुमचं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का? "भिंगरी कशी आहे" एवढंच. मी चौथीत शाळा सोडली, तरी तुमच्यापेक्षा जास्त लिहिते.

कशी आहे ते सांगते. हट्टी झालीय. कामाचा माझा निळा कोट घरात आल्या आल्या दाराशी खुंटीला टांगते, तुम्हाला माहीत आहे. रविवारी तो धुवायला टाकते. मागच्या रविवारी बघते तर बादलीत कोट नाही. ओला, निथळता, परत खुंटीला लावलेला. खाली सगळं पाणी. स्टूल ओढून चढली होती. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, काही नाही. मी दोन धपाटे घातले. हळू घातले. या रविवारी पुन्हा तेच. आता मी तो लाँड्रीतच धुऊन आणते, घरी धुवायला काढतच नाही.

माझ्याबरोबर काम करते ती डागवाली, तुम्ही ओळखता तिला, कुठलाही डाग दोन मिनिटांत काढते आणि बोलते तासभर. ती म्हणाली, आई नसलेलं पोर आहे, करतं काहीबाही, मार नको देऊ. मी म्हटलं, तू तुझे डाग बघ.

आता शुक्रवारचं. परत बसले त्या खुर्चीवर. या वेळी चित्रात काळा चौकोन, त्यात परत त्याच चार वाकड्या रेघा. एका रेघेला निळं काहीतरी लोंबतंय. मी विचारलं, हे घर का? हो. हा पतंग अडकलाय का तारेला? हो.

बाई मागे उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, तुम्ही हत्ती का म्हणालात तरी ती हो म्हणेल."

"म्हणजे खोटं बोलते?"

"तुम्हाला लवकर जायचं असतं, ते तिला कळतं. हो म्हटलं की तुमची सुटका होते. तिची पण."

कुणी माझं तोंड असं बंद केलेलं मला आठवत नाही.

"हे काय आहे म्हणून विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं म्हणायचं, मला सांग. आणि मग मिठाची गुळणी धरल्यासारखं बसायचं. ती थांबली तरी तुम्ही बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"ती बोलेपर्यंत."

मी म्हटलं, बाई, माझ्या जन्मात मी एवढा वेळ गप्प बसलेली नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, तेही कळतं तिला.

बघते पुढच्या वेळी. तुम्ही दोन ओळी तरी लिहा. दोन म्हटलं, एक नाही.

आजी


६ ऑक्टोबर

जावईबापू,

हे पत्र बसून वाचा. तिथे वर, पुलावर चढून वाचू नका.

काल शुक्रवार होता. मालकाला सांगितलं, आज मी लवकर येणार नाही, पगार कापायचा तर कापा. खुर्चीवर बसले. भिंगरीने चित्र समोर ठेवलं. त्याच चार रेघा. मी म्हटलं, मला सांग. आणि ओठ आत ओढून धरले.

ती माझ्याकडे बघत बसली. मी काही म्हणेन म्हणून वाट बघत होती. बाजूच्या टेबलावर एक मुलगा आपल्या बापाला सांगत होता, हा राक्षस आहे पण तो चांगला आहे, त्याला फक्त दात आहेत. बाप हसत होता. मला वाटत होतं उठावं, घड्याळ बघावं, तिचं नाक पुसावं. नाही केलं काही.

मग ती बोलली. बोट ठेवून ठेवून बोलली, जसं काही मी नवीनच आलेय घरात.

"ह्या आपल्या खुंट्या. दाराजवळच्या. ही आईची. आईच्या खुंटीवर काही नाही, कारण आई मेली. ही बाबांची. ह्याच्यावर पण काही नाही."

थांबली. मी पण थांबले.

"बाबा पण मेले ना. तू त्यांचे कपडे बांधून दिलेस तेव्हा. पण तू सांगितलं नाहीस, कारण मी रडले असते आणि तुला कामाला जायला उशीर झाला असता."

जावईबापू, मी तोंड उघडणार होते, नाही म्हणणार होते, पण ती पुढे बोलायला लागली होती.

"ही तुझी. हिच्यावर कोट आहे. हा निळा. तो काढायचा नाही. तू काढतेस म्हणून मी परत लावते. ही माझी. हिच्यावर दप्तर आहे."

बस, एवढंच. मग तिने विचारलं, "आजी, झालं? जायचं तुला?"

मी तिला मांडीवर घेतलं. त्या खुर्चीवर मला एकटीलासुद्धा बसता येत नाही, तरी घेतलं. म्हटलं, बाबा मेले नाहीत. बाबा पूल बांधतात. तिने मान हलवली आणि म्हणाली, "हो." अगदी तसंच हो, जसं छत्रीला म्हणाली होती.

बाईंनी मला बाहेर पाणी दिलं. मी त्यांना सांगितलं, शपथेवर, आम्ही तिला सांगितलंय की ते कामाला गेलेत. बाई म्हणाल्या, तिच्या आईच्या वेळी काय सांगितलं होतं? मी आठवायला लागले. तुम्ही सांगायचात, आई दवाखान्यात आहे, येईल. मग ती आली नाही. मग मी कपडे काढले. तुमच्या वेळी मी सांगितलं, बाबा कामाला आहेत, येतील. तुम्ही आला नाहीत. मग मी कपडे काढले. पोरीने कुठे काय चुकवलं सांगा मला? तिने हिशेब बरोबर केला.

विसरली असं मी लिहिलं होतं. ती ओळ खोडून टाका. मरून गेलेल्या माणसाबद्दल कोण विचारतं, कधी येणार म्हणून? म्हणून विचारत नव्हती.

माझ्यावर राग आहे तो राहू द्या, मी मागे घ्या म्हणत नाही. तिला फोन करा. माझ्याशी बोलू नका. मी उचलीन आणि तिच्या कानाला लावीन. संध्याकाळी सातनंतर कधीही.

आजी


१५ ऑक्टोबर

जावईबापू,

तुम्ही फोन केलात. आभार मानत नाही, करायलाच हवा होता. पण मधेच का ठेवलात?

तुम्हाला वाटलं असेल ती रागावलीय. तिकडून तुम्ही बोलत होतात, भिंगरी, मी बाबा, ऐकतेस ना, आणि इकडून एक शब्द नाही. तुमचा आवाज फुटला ते मलाही ऐकू आलं. तुम्हाला तिकडून दिसलं नाही, म्हणून लिहिते. तिने फोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता. डोळे मिटले होते. आपल्याला कुणी गोष्ट सांगतंय अशा चेहऱ्याने ऐकत होती. तुम्ही थांबलात तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आजी, संपलं. परत लाव."

तुम्हाला कळलं का? मला पण आधी नाही कळलं.

माझ्या फोनमध्ये माझ्या मुलीचे आवाज आहेत. तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. आजारी पडायच्या आधी ती बोलून पाठवायची ना, टाईप करायचा कंटाळा म्हणून. आई, मी पोचले. आई, येताना साबण आण, तो नको, दुसरा. आई, तू फोन का उचलत नाहीस, बहिरी झालीस का? असलंच सगळं, बिनकामाचं. मी भांडी घासताना लावते. भिंगरी शेजारी येऊन बसते आणि संपलं की म्हणते, परत लाव.

आता तुम्हीही त्यात गेलात. आवाज येतो म्हणून माणूस आहे असं तिच्या दृष्टीने होत नाही. आवाज मेल्यावरही येतो, ते तिला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही रोज फोन केलात तरी ती ऐकेल, मन लावून ऐकेल, आणि परत लाव म्हणेल.

फोटो पाठवू नका. फोटोही भिंतीवर आहेत.

या. रजा मिळत नसेल तर साहेबाला माझा नंबर द्या, मी बोलते त्याच्याशी. खेळणं, खाऊ काही आणू नका, उगाच कुठल्या दुकानात वेळ घालवाल. अंगावरच्या कपड्यानिशी या.

मी जेवढं बोलले होते त्यातलं एक मागे घेते. तुमच्या संसारात माझी मुलगी झिजली, असं म्हणाले होते. ती आजाराने गेली. मला माहीत होतं तेव्हाही.

आजी


७ नोव्हेंबर

जावईबापू,

तुम्ही जाऊन दहा दिवस झाले. नीट पोचल्याचं कळवलंत, बरं केलंत.

तुम्ही दारात उभे होतात आणि ती टेबलामागून बाहेर येईना, तेव्हा तुमचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी चहा करते म्हणून आत गेले. चहा केला नव्हता, नुसती उभी होते. बाहेर आले तेव्हा ती तुमच्या हातावरचे ते भाजल्याचे डाग बोटाने मोजत होती, आणि विचारत होती, हा नवीन का? हा नवीन का? तुम्ही सांगत होतात, हा जुना, हा नवीन. मग ती दोन दिवस तुमच्या मागे मागे. तुम्ही आंघोळीला गेलात तर दाराबाहेर बसून आतल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिली. मी म्हटलं, अगं, वाहून नाही जात तुझा बाप. तर म्हणाली, तू कामाला जा.

आणि या वेळी तुम्ही तिला सांगून गेलात, बसच्या खिडकीतून हात हलवलात. रडली, पण सगळी पोरं रडतात तसं रडली. डागवालीला मी सांगितलं, सुटले बाई. मला खरंच तसं वाटलं होतं.

गेल्या शुक्रवारी शाळेत गेले. स्वतःहून गेले, बाईंनी बोलावलं नव्हतं. आता मला सवय झालीय, खुर्चीवर कसं बसायचं ते कळलंय, पाय एका बाजूला घ्यायचे. मला सांग, म्हटलं.

या वेळी चित्रभर रंग. मोठी पिवळी बस. ती घडाघडा बोलायला लागली, वाट बघायची वेळच आली नाही.

"ही बस. ह्यातून बाबा उतरले. हे बाबा, हे त्यांचे डाग. ही मी. ही तू, तू चहा करतेस. आणि ही दुसरी बस."

दुसरी बस कागदाच्या पार कडेला होती, अर्धीच, बाकीची कागदाबाहेर. मी काही विचारलं नाही. मला तेच शिकवलंय ना.

"ह्या बसमध्ये आई आहे. ती अजून रस्त्यात आहे. आईला मरून जास्त दिवस झालेत, म्हणून तिला लांबून यावं लागतं. बाबांना थोडेच दिवस झाले होते."

मागे बाई होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांच्या हातात खडू तसाच राहिला.

भिंगरी म्हणाली, "आजी, तू सांगितलं होतंस आई येणार नाही. तुला माहीत नव्हतं ना. बाबांचं पण तुला नीट सांगता आलं नव्हतं." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मला समजावत होती.

जावईबापू, मी तुम्हाला बोलावलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुम्हाला यायलाच हवं होतं. पण आपण तिला दाखवून दिलं की मेलेला माणूस बसमधून उतरतो आणि त्याच्या अंगाला साबणाचा वास येतो. आता ते परत काढून घ्यायचं आहे.

पहिल्यांदा मी सांगितलं होतं. तुम्ही आत पडून होतात. मी नळावर तिचे हात धूत होते आणि उभ्या उभ्या सांगितलं, आई गेली, आता येणार नाही. तिने हात पुढे करून ठेवले होते, मी पुसले. झालं. एक वाक्य लागलं. मला कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, पोरांना सरळ सांगावं, घोळ घालू नये.

आता रोज तेच वाक्य जुळवते. इस्त्री फिरवताना जुळवते. घरी येते, ती तोंड वर करून बघते, आणि मी विचारते, भूक लागली का. डागवाली म्हणते, राहू दे, मोठी झाली की आपोआप कळेल. मी म्हटलं, आणि तोवर?

तोवर काय चाललंय ते सांगते. मी कामावरून आले की ती मला घरात बसू देत नाही. तुम्ही उतरलात त्या थांब्यावर नेते. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहतो. प्रत्येक बसचं मागचं दार बंद होईपर्यंत बघते, मग म्हणते, पुढची. मी नको म्हटलेलं नाही. मी, कुणासाठी पाच मिनिटं न थांबणारी.

तुम्ही या. पुलाचं काम सोडा असं म्हणत नाही, ते तुम्ही ठरवा, पण एक दिवस या. ती मधे बसेल, आपण दोन बाजूंना बसू. बोलेन मीच. तुमच्याने व्हायचं नाही, मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी आता टोमणा मारत नाही. तुम्ही फक्त तिचा हात धरा. तुमचा हात हातात असताना मी सांगेन की आई यायची नाही. म्हणजे आई येणार नाही हे ऐकताना बाबाही गेले असं तिला वाटायचं नाही. एकटीने सांगितलं तर तिच्याकडे धरायला मीच उरते, आणि सांगणारी पण मीच.

आजसुद्धा थांबलो होतो. हवा गार होती, मी तिला कोटाच्या आत घेतलं होतं. बऱ्याच बस गेल्या. एकीतून एक बाई उतरली, माझ्या मुलीएवढीच उंच, केस तसेच मागे बांधलेले, हातात पिशवी. भिंगरी कोटातून सुटली. दोन पावलं पुढे गेली. बाई आमच्या समोरून निघून गेली.

पोरगी परत आली, कोटात शिरली आणि मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "ही नाही, आजी."

आजी